पावसातला पंप

कतारमध्ये क्वचित पडणारी सर टोमॅटोच्या शेतावर आली आणि मॅनेजर लॉयड ठिबक सिंचनाचा पंप बंद करायला धावला. वसईच्या वाडीत वाढलेला माणूस. फुकटचं पाणी दिसलं की हात बटणाकडे जाणारच.

"थांबा!" करारावर आलेली शेतीतज्ज्ञ विजयालक्ष्मी ओरडली. "ठिबकच्या ओलीच्या कडेला मीठ साचलंय. ही सर ते मुळांशी ढकलेल. ठिबक चालू राहिलं तरच ते लांब राहील."

"भर पावसात पाणी? मालक मला वेड्यात काढेल, बाई."

"आणि झाडं करपली तर?"

लॉयडने वाफ्यावरचा पांढरा थर बोटावर घेऊन चाटला आणि थुंकला. तेवढ्यात मालकाची गाडी फाटकात वळली.

"राहू दे चालू," तो पुटपुटला. "पण बोलायला पुढे तुम्ही व्हा. मी मागून मान डोलावतो."