शेराकडचा वाफा

मिनायोने म्रेंड्याच्या बुळबुळीत पालेभाजीचं शेवटचं रोप मुळासकट उपटलं, माती झटकली आणि ढिगावर टाकलं. दाराच्या उजव्या हाताचा पहिला वाफा मोकळा झाला. तिने कंबरेवर हात ठेवून त्याच्याकडे पाहिलं. लांबीला पुरेल, रुंदीलाही पुरेल, असं तिच्या मनात आलं आणि त्या विचाराचंही तिला काही वाटलं नाही.

"अगं, हे काय करून बसलीस?"

अव्होकाडोच्या झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत अगुफाना बसला होता. भर उन्हाची वेळ, तरी अंगावर घोंगडी होती. सकाळी तिनेच त्याला उचलून तिथे आणून बसवलं होतं. तो आता उचलण्याइतका हलका झाला होता.

"तुम्हीच म्हणालात ना, यंदा एक भाजी कमी करायची म्हणून."

"म्हणालो. पण म्रेंडा कमी कर असं कधी म्हणालो?"

"लग्न झाल्यापासून नाक मुरडताय त्याच्यापुढे. शेंबूड शिजवलाय का, असं माझ्या आईसमोर विचारलं होतंत. म्हटलं, जाऊ दे, एकदाची सुटका होईल तुमची."

अगुफाना हसला. हसला की त्याला खोकला यायचा, म्हणून त्याने हसू अर्ध्यातच आवरलं.

मारागोलीच्या त्या टेकडीवर जमीन म्हणजे काय, तर आपल्या दारात शिंकलं की शेजाऱ्याने 'जपा हं' म्हणावं एवढी. अगुफानाच्या वाट्याला घर, एका गाईचा गोठा, चहाची थोडी झुडपं आणि दाराच्या उजव्या अंगाला भाजीचे वाफे आले होते. सुकुमा, चवळी, भोपळा, कडू तिळवण आणि म्रेंडा. एवढ्यावर मिनायोने पोरं वाढवली होती, आणि उरलेल्या जुड्या डोक्यावर घेऊन ती चावाकालीच्या बाजाराला जात आली होती. घराच्या वरच्या बाजूला सासू-सासरे मातीखाली झोपले होते. तिथे आता कुणाला जागा नव्हती. आणि घरच्या पुरुषाची जागा दाराच्या उजव्या हाताला, हे तर पोराटोरांनाही ठाऊक असतं.

म्हणून एक भाजी कमी करायची होती.

याहून उघड कुणी बोलत नव्हतं. जित्या माणसाच्या थडग्याची गोष्ट काढली तर आपणच त्याला आत ढकलल्यासारखं होतं. दवाखान्याने गोळ्यांची पिशवी देऊन घरी पाठवलं, तेव्हा डॉक्टर किसियाला, त्यांच्या मुलाला, बाजूला घेऊन बोलला. किसिया घरी येऊन गोठ्यामागे रडला आणि मोम्बासाला कामावर परत गेला. अगुफाना सगळं समजून होता. मिनायोही समजून होती. पण दोघं बोलायची ते भाजीचंच. यंदा काय लावायचं नाही, एवढंच.

ती रडली नव्हती. दवाखान्यातून आल्यापासून तिच्या आत कुणीतरी दार लावून घेतल्यासारखं झालं होतं. ती गाईची धार काढी, पेज शिजवी, त्याचं अंग पुशी, आणि हे सगळं कुणा दुसऱ्याच बाईचे हात करतायत असं तिला वाटे. तिला एकच काळजी लागून राहिली होती. त्या दिवशी सगळा गाव अंगणात जमेल, बाया टाहो फोडतील, आणि आपल्या डोळ्यांतून पाणी आलं नाही तर? लोक काय म्हणतील? काल गोठ्यात एकटी असताना तिने हळूच रडून पाहिलं. घशातून नुसता आवाज निघाला. गाईने मान वळवून पाहिलं, तशी तिची तिलाच लाज वाटली.

"तिळवण काढ," अगुफाना म्हणाला.

"काय?"

"तिळवणीचा वाफा. शेराकडचा. तो मोकळा कर."

मिनायोने मागे वळून पाहिलं. तिळवणीचा वाफा दारापासून सगळ्यात लांब, शेराच्या झुडपांच्या कुंपणाला लागून होता. कुंपणापलीकडे अगुफानाच्या धाकट्या भावाचं, लुसेनोचं रान.

"डोकं फिरलंय का तुमचं? सोन्यासारखी माती आहे तिथली. गोठ्यातलं सगळं शेण मी त्या वाफ्यात जिरवलंय. बाजारात बाया माझी तिळवण नाव घेऊन मागतात. हा म्रेंड्याचा वाफा काय वाईट आहे? दाराजवळ आहे. मला येता-जाता..."

ती थांबली. येता-जाता दिसेल, असं ती म्हणणार होती.

"तिथे सावली असते," अगुफाना म्हणाला.

"शेराची कसली डोंबलाची सावली! त्याला पानं तरी आहेत का?"

"किसियाची आई," तो हळू आवाजात म्हणाला, "आजवर तुझ्या भाज्यांत मी कधी लुडबूड केली?"

"नाही केलीत."

"मग एवढं एक ऐक."

तिने ऐकलं. वाद घालायला जो जीव लागतो तोच तिच्यात उरला नव्हता. ती गेली, वाकली आणि तिळवण उपटायला लागली. फुलांवर आलेली रोपं होती. काही तिने बी धरायला मुद्दाम राखली होती. तीही निघाली. आदल्या रात्री याच वाफ्यातली पानं तिने दुधात भिजत घातली होती, कडूपणा उतरावा म्हणून. आज ती शिजवायची होती. ही शेवटची, एवढं तिच्या मनात येऊन गेलं.

"पार कुंपणापर्यंत," मागून आवाज आला. "शेराच्या बुडापर्यंत."

ती बुडापर्यंत गेली. तिथे अलीकडे लावलेल्या शेराच्या कोवळ्या कांड्या होत्या, वाफ्याच्या आत, चांगल्या वीतभर. तिला त्याचं नवल वाटलं नाही. दर पावसाळ्यात लुसेनो कुंपण छाटायचा, आणि छाटलेल्या कांड्या चुकून पडल्यासारख्या अलीकडे रोवायचा. शेर तो, कुठेही रुजतो. एक पावसाळा एक वीत, दुसरा पावसाळा दुसरी वीत. पूर्वी तिने आरडाओरडा केला होता. गावपंचांकडे बसणंही झालं होतं. लुसेनोने हात जोडून, 'वहिनी, रोपं काय माझं ऐकतात?' म्हणून सगळ्यांना हसवलं होतं, आणि सगळे चहा पिऊन घरी गेले होते. गेल्या महिन्यात भर दवाखान्यात त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, 'वहिनी, काळजी करू नकोस. पुढे सगळं मीच बघेन.' ते ऐकून ती धास्तावली होती. तिला आठवत होतं, काही वाटलेली शेवटची गोष्ट तीच होती.

तिने कोवळ्या कांड्या तशाच ठेवल्या. हात धुऊन ती चुलीकडे गेली.

दुपार कलल्यावर लुसेनो आला. बरोबर गावचा लिगुरू, म्हातारा इंबुगा होता. तंटे मिटवण्यापासून मयतीची जागा ठरवण्यापर्यंत गावात त्याचाच शब्द. अगुफानाने त्याला निरोप धाडला होता, हे मिनायोला तो दारात दिसल्यावर कळलं. तिने स्टुलं आणली. दुधाचा चहा दिला.

"दादा, आज तोंडावर तरतरी दिसते बघ," लुसेनो म्हणाला.

"खोटं बोलायचं तर जरा नीट बोल. लिगुरू बसलेत."

म्हातारा गालात हसला. चहा संपेपर्यंत पावसाच्या, गाईच्या, किसियाच्या नोकरीच्या गोष्टी झाल्या. मग अगुफानाने काठी उचलली. त्याने ती शेराकडे रोखली.

"लिगुरू, तो वाफा आम्ही मोकळा केलाय. तिथे यंदा काही लावणार नाही. यापुढेही कुणी काही लावायचं नाही."

म्हाताऱ्याने काठीच्या टोकाकडे पाहिलं, मोकळ्या मातीकडे पाहिलं, मग कुंपणाकडे पाहिलं. कोवळ्या कांड्यांवर त्याची नजर जरा रेंगाळली.

"पार कुंपणाला लागून," तो म्हणाला.

"हो. लागून."

मिनायो किटली हातात घेऊन उभी होती. आधी तिच्या काहीच लक्षात आलं नाही. मग तिने लुसेनोच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सगळं एकदम लक्षात आलं. कागद हरवतात, खुणेचे दगड सरकतात, पंच मरून जातात. थडगं मात्र या टेकडीवर कुणी हलवत नाही, आणि त्याच्या अलीकडे कुणी कुंपण आणत नाही. अगुफाना स्वतः तिथे हद्द होऊन आडवा होणार होता. सुकुमा, चवळी, भोपळा, दाराजवळची माती, सगळं त्याच्या अलीकडे तिचं राहणार होतं.

लुसेनोही कच्च्या गुरूचा चेला नव्हता.

"दादा, पण एवढ्या लांब कशाला?" तो अगदी मायेने म्हणाला. "वहिनीच्या बाजाराची भाजी ती. आणि हा बघ, दाराशी हा वाफा रिकामाच पडलाय की. घराजवळ, पोरांच्या नजरेसमोर. लिगुरू, तुम्हीच सांगा."

म्हाताऱ्याने दाराजवळच्या वाफ्याकडे मान वळवली. वाफा खरंच रिकामा होता. सकाळी तिनेच तो आपल्या हाताने रिकामा केला होता. अगुफानाने तोंड उघडलं, पण खोकल्याने त्याला गाठलं. तो घोंगडीत वाकला आणि खोकतच राहिला. त्याच्याने बोलवेना.

"तो रिकामा नाही भाऊजी," मिनायो म्हणाली.

लुसेनो हसला. "वहिनी, माती दिसतेय की मला."

"जुना म्रेंडा जून झाला होता, म्हणून काढला. नवा पेरायचाय."

"कधी?"

"आत्ता."

तिने किटली खाली ठेवली. घरात गेली, आढ्याला टांगलेली बियांची पुरचुंडी काढली आणि वाफ्यापाशी येऊन बसली. तिघांच्या देखत तिने बोटाने ओळ ओढली आणि बी सोडायला सुरुवात केली. म्रेंड्याचं बी बारीक, काळपट, बोटांना चिकटतं. ओळ सरळ गेली. हे हात आपलेच आहेत, असं तिला पुष्कळ दिवसांनी वाटलं.

इंबुगा स्टुलावरून उठला. काठी टेकत कुंपणापर्यंत गेला, आणि वाफ्यात शिरलेल्या शेराच्या कोवळ्या कांड्या त्याने एकेक करून काठीनेच उखडून पलीकडे ढकलल्या. मग परत आला.

"लुसेनो, तुझ्या दादाने काय सांगितलं ते ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"काय सांगितलं?"

लुसेनो चुळबुळला. "तिथे काही लावायचं नाही."

"हां. तू ऐकलंस, मी ऐकलं." म्हातारा अगुफानाकडे वळला. म्हणाला, "माती चांगली आहे तिथली."

"सोन्यासारखी," अगुफाना म्हणाला. "शेण घातलंय बायकोने."

ते दोघं गेल्यावर अंगणात चुलीचा धूर तेवढा राहिला. तिळवण शिजत होती. मिनायो म्रेंड्याच्या वाफ्यापाशीच बसून होती. उरलेल्या ओळी घालायची आता काही गरज नव्हती, तरी ती घालत होती.

"मला आधी सांगायचं होतंत," ती मान वर न करता म्हणाली.

"सांगितलं असतं तर तू काढू दिली नसतीस तिळवण. भांडत बसली असतीस, जागा दाराशीच हवी म्हणून."

ते खरं होतं.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "अगं, हा म्रेंडा... कधी येतो तोडायला?"

तिला ठाऊक होतं कधी येतो. त्यालाही ठाऊक होतं. इतकी वर्षं त्याच्या दारात तो उगवत आला होता.

"येतो की लवकर," ती म्हणाली.

"आला की मला वाढ थोडा. या खेपेला खाऊन बघेन."

"मग नाक मुरडायचं नाही."

"नाही मुरडणार."

तिने तळहाताने बियांवर माती ओढली. वाफा कोरडा होता, पाणी आणायला हवं होतं. बादली हाताच्या अंतरावर होती. पण समोरचं काहीच तिला धड दिसत नव्हतं, म्हणून ती तशीच बसून राहिली, दोन्ही हात मातीवर ठेवून.