धाकटीचा टाका

माझं उजव्या हाताचं बोट आखडलं तेव्हा आधी मी देवाला चार शिव्या घातल्या, मग धाकट्या बहिणीला फोन केला. मी रफूवाली. कोटाला पडलेलं भोक असं बुजवते की मालकालाही शोधून सापडू नये. ते बोट गेलं की मी संपले. धाकटी हातांची सर्जन आहे, मोठं नाव आहे तिचं. दुसऱ्या कुणाच्या ताब्यात मी हे बोट देणारच नव्हते आणि तसं तिला तोंडावर सांगितलंही.

"तूच करणार असशील तर ऑपरेशन करून घेते," म्हटलं.

"ताई, तुझ्या बोटाला मी दुसऱ्या कुणाला हात लावू देईन का?" ती म्हणाली. भूल चढेपर्यंत ती माझ्या उशाशी उभी होती.

लहानपणी तिच्या हातात सुई मीच दिली. भोकाच्या काठावर टाका घालायचा नाही, चांगल्या कापडातून सुरुवात करायची, दोरा ओढायचा नाही. हे सगळं ती आज शिकाऊ डॉक्टरांना शिकवते, आणि माझं नाव घेऊन शिकवते, खोटं कशाला बोलू? मीही तिच्याकडून शिकले: काही उसवण्याआधी आत काय आहे ते बोटांनी चाचपून बघायचं. फक्त तिची एक खोड काही गेली नाही. ओळ संपत आली की तिला घाई सुटते आणि शेवटचे टाके दाटीवाटीने बसतात. त्यावरून मी तिला किती पिडलंय! तिने शिवलेल्या माणसांचे व्रण बघितलेत मी, तिथेही तेच.

पट्टी सोडायला ती स्वतः आली. बोट वाकव म्हणाली, वाकवलं. छान वाकलं. आनंदाने माझे डोळेच भरून आले. मग सवयीने टाके बघितले. तळहातापासून बोटापर्यंत सगळे सारख्या अंतरावर, शेवटचासुद्धा. एकही खोट नाही. हा धाकटीचा हात नव्हता.

हे कुणी शिवलं, विचारलं. आधी ती म्हणाली, "मीच." मी शेवटच्या टाक्यावर बोट ठेवलं. मग मान खाली घालून तिने सांगितलं, की तिच्या हाताखालच्या डॉक्टरने, आणि नुसते टाके नाहीत, सगळंच. तुझा हात पुढ्यात आला आणि माझी छातीच झाली नाही, म्हणाली. ती शेजारी उभी होती म्हणे.

घाबरली त्याचा राग नाही. मीही घाबरले असते. पण मी जागी होते तोवर सांगायचं ना! मी झोपल्यावर हात बदलला, आणि वर आत्ताही माझ्या तोंडावर खोटं बोलली. पाठच्या बहिणीने असा केसाने गळा कापावा?

"बोट चांगलं झालं ना पण, ताई?" असं म्हणत तिने टाके काढायला कात्री उचलली.

मी हात मागे घेतला.

"ज्याने घातलेत त्याला बोलव," म्हटलं. "तू बाहेर थांब."