मागच्या सीटवरचा परीक्षक

मोटार शिकवणाऱ्या माणसाचा पाय त्याच्या स्वतःच्या ताब्यात राहत नाही. मास्तरांची उमेदीची सगळी वर्षं नवशिक्यांच्या शेजारी बसण्यात गेली होती. त्यांच्या पायाखाली एक जादा ब्रेक असायचा आणि तो दाबून दाबून पायाला अशी खोड लागली होती की घरी टीव्हीवर मोटारींचा पाठलाग सुरू झाला की मास्तर टीपॉयला लाथ घालायचे. शेवटी बायकोने टीपॉयच उचलून आतल्या खोलीत ठेवला. त्यावर मास्तर म्हणाले, "याला सावधपणा म्हणतात." बायको म्हणाली, "याला दुसरं नाव आहे, पण पाहुणे बसलेत."

तर असे हे मास्तर त्या दिवशी सकाळी आपल्या जिवलग मित्राच्या, पेंटरच्या, स्कूटरवर मागे बसले. डबा मांडीवर, हेल्मेट डोक्यावर आणि चेहऱ्यावर परीक्षकाचा भाव. तो लपवायचा त्यांचा इरादा होता, पण भाव त्यांना न विचारता येऊन बसला होता.

कारण आदल्या संध्याकाळी पेंटरची मुलगी गुपचूप त्यांच्याकडे येऊन गेली होती. "काका, बाबा माझं काही ऐकत नाहीत," ती म्हणाली. "दोनदा फाटकाला गाडी घासली. म्हणतात, फाटकच वाकलंय. डॉक्टरकडे चला म्हटलं की कामं आठवतात. उद्या तुम्ही दिवसभर त्यांच्या मागे बसा आणि बघा. तुम्ही म्हणालात चालवू दे, तर मी पुन्हा एक अक्षर बोलणार नाही. नको म्हणालात, तर गाडी विकून टाकते."

मास्तरांना हे ऐकून वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण नंतर. आधी त्यांची छाती फुगली. निवृत्त झाल्यापासून त्यांचं मत कोणी विचारलं नव्हतं. घरात भाजी कोणती करायची हेसुद्धा त्यांना ताटात पडल्यावर कळायचं.

वाईट का वाटलं, तेही सांगायला हवं. पेंटरची बायको गेली, मग त्याचं पाट्या रंगवायचं दुकान गेलं, कारण आता पाट्या मशीनवर छापून निघतात. राहिली ती स्कूटर. रोज सकाळी तो ती पुसायचा, कुठेतरी जाऊन यायचा आणि आल्यावर त्याच्याकडे सांगायला काहीतरी असायचं. स्कूटर गेली की पेंटर गॅलरीतल्या खुर्चीत बसणार आणि तिथून उठणार नाही, हे मास्तरांना दिसत होतं.

"मोठ्या रस्त्याने नको," पेंटर म्हणाला. "ट्रकवाले जीव खातात. आतल्या रस्त्याने जाऊ. तळ्यापर्यंत. तिथे जेवू आणि परत."

"तू म्हणशील तसं," मास्तर उदारपणे म्हणाले. शिकवणीच्या शेवटी ते जी चाचणी घ्यायचे तिच्यात परीक्षार्थीला रस्ता निवडू द्यायचा नसतो, हा त्यांचाच नियम. तो त्यांना आठवला नाही.

गाव मागे पडलं. शेतांच्या मधून जाणारा रस्ता कुठे डांबरी, कुठे नुसता खडीचा. पेंटर हळू चालवत होता, पण हात स्थिर. खड्डा आला की कडेने अलगद काढायचा. मास्तर मात्र मागे बसून आपलं चरित्र उलगडत होते. कोंबडी दिसली की पाय दाबायचे, बैलगाडी दिसली की दोन्ही पाय दाबायचे.

"मास्तर," पेंटर म्हणाला, "तो फूटरेस्ट आहे. ब्रेक माझ्याकडे आहे."

"मी कुठे काय केलं?"

"कालव्यापासून माझ्या गाडीला लाथा मारतोयस. गाय असती तर केव्हाच दूध आटवून बसली असती."

मास्तरांनी मग मुद्द्याला हात घातला. परीक्षा सुरू आहे हे कळू न देता परीक्षा घ्यायची, यातच खरी कला, असं त्यांचं मत होतं. ते जांभई दिल्यासारखं करून म्हणाले, "ती पुढची पाटी काय रे? माझा चष्मा धुरकटलाय."

"'पुढे शाळा आहे, वाहने सावकाश चालवा,'" पेंटरने लांबूनच वाचलं.

जवळ गेल्यावर मास्तरांनी बघितलं. अक्षर न् अक्षर बरोबर. पुढच्या वळणावर पुन्हा विचारलं. पेंटरने पुन्हा वाचलं. खालच्या कोपऱ्यातली बारीक ओळसुद्धा, जी मास्तरांना चष्मा पुसूनही नीट लागत नव्हती. तिसऱ्या पाटीला तर मास्तरांना स्वतःच्याच डोळ्यांची काळजी वाटायला लागली.

तळ्याकाठी झाडाखाली दोघांनी डबा खाल्ला. पेंटर खुशीत होता. पाण्यावरच्या पक्ष्यांना नावं ठेवत होता: हा बगळा म्हणजे तुझ्या आरटीओ ऑफिसातला साहेब, ती पाणकोंबडी म्हणजे माझी थोरली आत्या. मास्तर पोट धरून हसले. असा दिवस कित्येक महिन्यांत मिळाला नव्हता आणि असे आणखी दिवस आता आपल्या निकालावर आहेत, या विचाराने त्यांना भरून आलं. हात धुवायच्या निमित्ताने ते बाजूला गेले आणि त्यांनी पेंटरच्या मुलीला फोन लावला.

"पोरी, काळजी सोड. पास! माझ्यापेक्षा चांगलं दिसतं तुझ्या बापाला."

"नक्की ना काका?"

"माझा अंदाज आजवर चुकलाय का?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. परतीचा प्रवास अजून बाकी होता आणि परीक्षेची वेळ संपल्याशिवाय गुण द्यायचे नाहीत, हाही त्यांचाच नियम. पण माणूस खुशीत आला की नियम दुसऱ्यांसाठी असतात.

परत येताना पेंटरने दुसरी वाट धरली. "इकडून गारवा आहे," म्हणाला. दोन्ही बाजूंना झाडी होती. उताराच्या सुरुवातीला एक पाटी दिसली आणि मास्तरांनी आता निव्वळ कौतुकापोटी, लेकराला गाणं म्हणायला लावावं तसं, विचारलं, "ही काय म्हणते?"

"'अरुंद पूल. हॉर्न वाजवा,'" पेंटर म्हणाला आणि त्याने हॉर्न वाजवला.

मास्तर कौतुकाने हसत पाटीकडे बघायला लागले. पाटी कोरी करकरीत होती, पिवळ्या पत्र्याची. तिच्यावर लिहिलं होतं: 'पूल खचला आहे. रस्ता बंद.'

हसू तोंडावर तसंच राहिलं. पुढे रस्त्याच्या मधोमध दोन पिंपं आडवी ठेवलेली, त्यांच्यामागे वाळूचा ढीग, त्याच्यामागे काहीच नाही. आणि पेंटर त्या पिंपांकडे तोंड करून, शांतपणे, दुसऱ्यांदा हॉर्न वाजवत होता.

"ब्रेक!" मास्तर ओरडले. असे ओरडले की रानातली पाखरं उडाली. दोन्ही पाय फूटरेस्टवर, दोन्ही हात पेंटरच्या खांद्यांवर. पेंटरने ब्रेक दाबला, मास्तरांनी त्याला मागे ओढलं, आणि दोघांच्या मदतीने स्कूटर आडवी झाली, घसरत पिंपाच्या कडेने गेली आणि वाळूच्या ढिगात शिरली. मास्तर शब्दशः तोंडघशी पडले. दाताखाली वाळू करकरली.

कोणाला फार लागलं नाही. पेंटरचं कोपर सोलवटलं, मास्तरांचा चष्मा वाकला. थोडा वेळ दोघे वाळूत बसून राहिले. पलीकडे पुलाचा तुकडा ओढ्यात पडला होता आणि पाणी त्याला वळसा घालून चाललं होतं.

"पाटी बदलली वाटतं," पेंटर म्हणाला.

"तू वाचलीस कशी मग?"

पेंटरने कोपरावरची वाळू झटकली. "या आतल्या रस्त्यांवरच्या सगळ्या पाट्या मी रंगवल्यात, मास्तर. लग्नाच्या आधी. दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा हात फिरवायला यायचो. कुठल्या झाडापाशी काय लिहिलंय ते मला पाठ आहे. पोरगी काल तुझ्याकडे गेली होती ना? नात बोलून गेली. तेव्हाच ठरवलं, याच रस्त्यांनी न्यायचं." मग ओशाळून हसला. "पेपर आधीच फुटला होता रे."

"आणि दिसतं किती?"

"कडेकडेचं सगळं दिसतं. ज्याच्याकडे बघावं तेवढंच पुसलं जातं. तुझ्याकडे बघितलं तर तुझे कान दिसतात."

मास्तरांना राग आला, मित्राचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. ज्यांनी सख्ख्या मेव्हण्याला तीनदा नापास केलं, ते एका पाट्या रंगवणाऱ्याच्या पाठांतराला भुलले होते आणि वर फोन करून मोकळे झाले होते.

"सांगू नकोस तिला," पेंटर म्हणाला. आवाज एकदम लहान झाला होता. "मी लांब जाणार नाही. बाजारापर्यंत, बस्स. तेवढं राहू दे मला."

मास्तर म्हणाले, "नाही सांगत." मैत्रीखातर म्हणाले, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण सांगायचं तर आधी दुपारचा फोन गिळावा लागला असता, आणि तो घास त्यांच्या घशाखाली उतरत नव्हता, हेही तितकंच खरं.

घरी परतताना मास्तर मागून एकसारखे बोलत राहिले: डावीकडे खड्डा, समोर सायकल, थांब, आता चल. पेंटर मुकाट्याने ऐकत होता. मास्तरांच्या सूचना आयुष्यात पहिल्यांदाच कोणी इतक्या मनापासून पाळत होतं, आणि त्यांना त्याचा जराही आनंद झाला नाही.

दारात मुलगी उभीच होती. वाळूने भरलेले दोन म्हातारे बघून ती आधी दचकली. "काय झालं?"

"वाळूत बसलो होतो," पेंटर म्हणाला. खोटं नव्हतं ते.

"बरं, बाबा," ती म्हणाली आणि तिचा चेहरा मोकळा झाला. "काकांनी दुपारीच कळवलं मला. उगाच तुमच्या मागे लागले होते मी, चुकलंच माझं. आता तुम्हीच करा एक काम. उद्यापासून छोटीला शाळेत तुम्ही सोडा स्कूटरवरून. कधीची हट्ट करतेय ती, आजोबांबरोबरच जायचं म्हणून. आता काकाच म्हणालेत, तर मला कसली भीती?"

आतून पेंटरची नात धावत आली आणि स्कूटरच्या पुढच्या जागेत, आजोबांच्या पायांच्या मधे, चढून उभी राहिली. तिने हँडल पकडलं आणि तोंडाने इंजिनाचा आवाज काढायला लागली.

मास्तरांचा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला. त्यांनी पेंटरकडे बघितलं. पेंटर नातीच्या डोक्याकडे बघत होता, म्हणजे त्याला त्या क्षणी नेमकं काय दिसत नव्हतं ते मास्तरांना कळलं.

पेंटरने किल्ली काढली. दोन्ही हातांनी नातीला उचलून खाली ठेवलं, मुलीचा हात चाचपून शोधला आणि किल्ली तिच्या तळहातावर ठेवून तिची मूठ मिटली.

"काकांनी घाई केली," तो म्हणाला. "मला दिसत नाही, बेटा. पुष्कळ दिवस झाले."

मुलीने किल्ली कमरेला खोचली. तिने त्याचं सोलवटलेलं कोपर हातात घेतलं आणि त्याला आत घेऊन गेली. नात मागोमाग रडत गेली, तिला कोणी समजावलं नाही.

मास्तरांनीही त्या वेळी तोंड उघडलं होतं, एवढं खरं. घरी गेल्यावर त्यांनी बायकोला छातीठोक सांगितलं की मी बोलणारच होतो, तो एक श्वास आधी बोलला, इतकंच. बायको म्हणाली, "असेल." मास्तर रात्रभर कूस बदलत राहिले. तोंड खरं सांगायला उघडलं होतं, की 'बराय, निघतो आता' म्हणायला, हे त्यांना स्वतःलाच कळत नव्हतं. सकाळ होताच ते चहाही न घेता पेंटरच्या घरी गेले, त्याला डॉक्टरकडे न्यायला, पायी.