न सांगता

पट्ट्याच्या आतल्या बाजूला राखाडी लोकरीचा एक धागा अडकलेला होता. मोज्याचा असणार. कोर्टाच्या हुकुमानं रॉयच्या पायावर हा पट्टा वर्षभर होता — अंघोळीत, झोपेत, बहिणीच्या अंत्यविधीत, सगळीकडे — आणि आता तो देवयानीच्या टेबलावर पडला होता. कापलेला, तरी घोट्याचा गोल आकार काही सोडत नव्हता. खरं तर तो खालच्या खोलीत जायचा होता, पुसून, चार्ज होऊन, दुसऱ्या कुणाच्या तरी पायासाठी. पण सकाळी रॉयशी हात मिळवताना तो तिच्या दुसऱ्या हातात होता, तसाच वर आला आणि ठेवून द्यायचा राहिला. धागा तिनं नखानं ओढून काढला. मग पालथा ठेवलेला फोन पुन्हा उलटून पाहिला.

ठिपका अजून घरीच होता.

घरी म्हणजे तिच्याच घरी. शिकागोजवळ, नेपरव्हिलच्या त्या बंद गल्लीच्या टोकाला, जिथं या क्षणी तिचा नवरा गुरुनाथ जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून कुणाशी तरी मीटिंगमध्ये बोलत असणार, तिथं तो निळा ठिपका होता आणि त्याखाली नाव होतं : इला. इला, जी तिकडे दूर दुसऱ्या राज्यात, श्रूजबरीत राहते, जिनं दोन वर्षांत आईला वाढदिवसाच्या मेसेजपलीकडे अक्षर लिहिलं नाही, ती आज, भर कामाच्या दिवशी, आई ऑफिसात असणार हे पक्कं माहीत असताना, आईच्या घरात होती.

आणि आई इथं, कोर्टाच्या मागच्या इमारतीत, कौंटीच्या प्रोबेशन खात्याची प्रमुख. न्यायाधीशांनी ज्यांना तुरुंगात न धाडता 'बाहेर राहा, पण नजरेखाली राहा' असं सांगितलं, त्या सगळ्यांवरची नजर म्हणजे हे खातं. ज्यांच्या पायात पट्टे त्यांचे ठिपके खालच्या मजल्यावर एका मोठ्या पडद्यावर दिसतात. कोण कामावर पोचला, कोण घरी परतला, कोण बायकोच्या घराच्या नको तितकं जवळ गेला... आणि स्वतःची मुलगी घरी आली ते फोनवरून कळायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. फक्त इथं अंधारातही एक निळा ठिपका लुकलुकत होता, एवढंच.

तो ठिपका जुना. इलाला लायसन्स मिळालं तेव्हाचा. गाडीची किल्ली हवी तर लोकेशन शेअर करायचं, ही देवयानीची अट. "मग तूपण कर ना, आई. दॅट्स ओन्ली फेअर," इला म्हणाली होती. देवयानीनं नाही केलं. आपलं काम कसलं, आपल्यावर दात असलेली माणसं किती, आपण कुठं आहोत हे कुठंही दिसता कामा नये... आणि ते खोटं नव्हतं. खात्यात हेच शिकवतात; तीच शिकवते. गुरुनाथनं केलं, इलानं केलं, आणि तिघांच्या त्या यादीत देवयानीच्या नावापुढे कायम करड्या अक्षरांत 'उपलब्ध नाही'.

दोन वर्षांपूर्वी श्रूजबरीहून परतताना विमानतळावर तिनं फोन हातात धरून ठेवला होता. आता हा ठिपका जाणार, आज नाही तर उद्या जाणार. गेला नाही. आठवडा गेला, महिना गेला, ठिपका आपला रोज ऑफिसला जातोय, दुकानात जातोय, रविवारी तळ्याकाठी लांब फिरून येतोय. विसरली असेल? या पोरांच्या पिढीला फोनमधलं काही विसरता येत नाही. मग मुद्दाम ठेवला असेल? देवयानीनं विचारलं नाही. विचारलं आणि गेला तर! आपल्याकडून काढून घेण्यासारखं हल्ली उरलं होतं ते एवढंच, आणि त्यासाठी ती रोज चोरासारखी फोन बघत होती. सही करता करता, लिफ्टमध्ये, सिग्नलला. अगदी न चुकता.

तिनं गुरुनाथला फोन लावला.

"जेवलास का?"

"हो... म्हणजे नाही, आता बसतोच आहे."

"काय केलंयस?"

"काही नाही गं. थोडी खिचडी टाकली."

"एकट्यासाठी?"

"म्हणजे काय. ऐक ना, कॉल आहे माझा, ठेवतो. स्नो वाढतोय, ड्राइव्ह जपून कर. आणि घाई नको करूस हं, आरामात ये."

एवढ्या वर्षांत या माणसानं स्वतःसाठी म्हणून कधी कुकर लावलेला नाही. फ्रिजपाशी उभं राहून डब्यातलं गार खाईल, पण खिचडी नाही. खिचडी इलासाठी, पातळसर, वर लसणाची फोडणी. आणि 'आरामात ये' हे तर त्यानं लग्न झाल्यापासून कधी म्हटलेलं नाही. उशीर झाला की कुरकुरतो. चोराच्या मनात चांदणं. नव्या अधिकाऱ्यांना ती सांगते, माणूस काय बोलतो ते सोडा, आज नवं काय बोलला ते ऐका... पण तिला गुरुनाथचा राग आला नाही. हेवा वाटला. समोर बसून इला दुसऱ्यांदा वाढून घेत असेल, आणि हा 'अजून तूप?' म्हणत असेल. त्या तुपाच्या वाटीचासुद्धा हेवा वाटला.

अमरावतीच्या घरात माणसं न सांगता यायची. दारात रिक्षा थांबायची, मावशी पिशवी घेऊन उतरायची आणि आई ओल्या हातांनी बाहेर धावायची. कळवून येतो तो पाहुणा, न कळवता येतो तो आपला. हे डोक्यात इतकं घट्ट बसलेलं, की श्रूजबरीला जाताना इलाला फोन करावा असं देवयानीच्या मनातही आलं नाही. तिळाची चटणी केली, डब्यात दाबून भरली, विमानात बसली. इलाच्या चेहऱ्यावर काय आनंद होईल ते ढगांकडे बघत मनात घोळवत राहिली. आणि दारापाशी पोचल्यावर...

दारापाशी पोचल्यावर ती दाराच्या समोर उभी राहिलीच नाही. बाजूला उभी राहिली, भिंतीला खांदा लावून. आतून कुणी काय घेऊन येईल सांगता येत नाही, दारासमोर कधी उभं राहायचं नाही, ही नोकरीच्या पहिल्या आठवड्यातली शिकवण. आणि बेल असताना मुठीच्या कडेनं तीनदा ठोकलं, घरभर ऐकू जाईल असं. जित्याची खोड! साखळी तशीच ठेवून दार बोटभर उघडलं आणि फटीतून इलाचा चेहरा दिसला, पांढराफटक.

"आई? हू नॉक्स लाइक दॅट?"

हसण्यावारी गेलंही असतं. पण आत पाऊल टाकलं आणि डोळे आपोआप कामाला लागले. दाराशी पुरुषाचे बूट. बाथरूममध्ये दोन ब्रश. ओट्यामागच्या खिडकीत गोळ्यांची केशरी बाटली — चटणीचा डबा ठेवायला वळली तेवढ्यात लेबल वाचून झालंसुद्धा, औषध, डोस, डॉक्टर, तारीख. उदास माणसांना देतात ते औषध तिला ओळखू येतं, तिच्याकडच्या निम्म्या लोकांच्या घरात असतं. "हे कधीपासून?" तिनं विचारलं. जवळ ये असंही म्हणाली नाही, कशी आहेस असंही नाही.

इला ओट्याला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "तू मला भेटायला नाही आलीस, आई. यू केम टू चेक ऑन मी. तुझ्या त्या लोकांना करतेस तसं."

पण मग काय करायचं होतं मी? लेबल समोर दिसत असताना डोळे मिटायचे होते? मुलगी गोळ्या घेते आणि आईला पत्ता नाही, यात विचारणारीच गुन्हेगार?... हे वाक्य दोन वर्षांत तिनं इतक्यांदा मनात म्हटलं होतं, की आता ते गुळगुळीत झालं होतं. चूक तिला आजही पुरती मान्य नव्हती. फक्त इला हवी होती. बरोबर कोण होतं ते नंतर बघता आलं असतं, नाही बघितलं तरी चाललं असतं.

दारावर टकटक. तिचा डेप्युटी फिल. बर्फ जोरात येणार म्हणताहेत, दुपारची न्यायाधीशांबरोबरची बैठक रद्द झालीय, लोकांना लवकर सोडायचं का?

"सोड," ती म्हणाली. "सगळ्यांना जाऊ दे."

"तुम्हीही निघा मग."

म्हणजे आता घरी न जायला कारणही उरलं नाही.

निघाली तर अर्ध्या तासात घरी. गॅरेजचं दार घरघरत वर जाणार, आत दोघं एकमेकांकडे बघणार, आणि स्वयंपाकघराच्या दारातून ती शिरेल तेव्हा समोर पुन्हा तोच चेहरा, साखळीआडचा. स्वतःच्याच घरावर धाड घातल्यासारखं. आणि नाही गेली तर? संध्याकाळी ओट्यावर दोन ताटल्या धुऊन पालथ्या घातलेल्या असतील, छे, गुरुनाथ त्याही पुसून कपाटात ठेवेल. इला परत गेलेली असेल. मग आपण उशीला नाक लावून बघणार आहोत का, तिच्या खोलीत जाऊन?

हो. बघणार आहोत.

फोनवर ठिपका जरासा सरकला, घराच्या मागच्या बाजूला. असं होतं. माणूस खुर्चीत बसलेला असतो आणि ठिपका भटकतो. भिंती, ढग, बर्फ, कशानंही. कोर्टात साक्षीला उभी राहून तिनं हे कितीदा सांगितलंय, एवढ्याशा हलण्यावरून कुणाला आत टाकू नका म्हणून. एकदा एका पोराची नोकरी वाचली होती त्यामुळं. आणि आता तीच टेबलावर ओणवी होऊन बघत होती : जिना चढली. मागची खोली तिचीच. पलंगावर बसली असेल. भिंतीवर अजून तिनं शाळेत असताना चिकटवलेल्या चांदण्या आहेत, मी काढल्या नाहीत गं, एकसुद्धा... ठिपका पुन्हा पुढच्या बाजूला आला. उगीच भटकत होता तो. जिना-बिना काही नव्हतं.

पट्टा खालच्या खोलीत द्यायला ती स्वतःच गेली. सकाळी इथंच रॉय खुर्चीत बसून मोकळा घोटा चोळत होता, फिकट पडलेल्या कातडीकडे बघत. वर्ष पूर्ण केलेल्या माणसाशी हात मिळवायला प्रमुखानं खाली यायचं, ही प्रथा तिनंच पाडलेली. "हलकं वाटतंय ना?" तिनं नेहमीचं विचारलं. साठीचा गडी, ट्रक दुरुस्त करतो, एकटा राहतो. म्हणाला, "हो. पण आता मी कुठं आहे हे कुणालाच माहीत नसणार, नाही का?" हसत म्हणाला आणि मग हसणं राहिलं. "रोज प्लगपाशी बसायचो, हा चार्ज व्हायला. शिव्या घालायचो तुम्हाला. पण वाटायचं, बघतंय कुणीतरी."

तिनं त्याला खात्याचं जे बोलायचं असतं ते बोलून वाटेला लावलं होतं. आता पट्टा डब्यात टाकताना ते वाक्य परत आलं, आणि या वेळी ते रॉयच्या आवाजात नव्हतं. बघतंय कुणीतरी... म्हणून तर ठेवला नसेल पोरीनं ठिपका? बोलायचं नाही, पण बघू द्यायचं? आणि ती तिकडून आईचं नाव उघडत असेल तेव्हा तिला काय दिसत असेल? उपलब्ध नाही. दोन वर्षं. त्याआधीही इतकी वर्षं.

गाडीच्या काचेवर बर्फ साचला होता. वायपर सुरू करून ती बसून राहिली. मग फोनमध्ये शोधत शोधत स्वतःचं लोकेशन शेअर करायचं ते बटण काढलं. तासापुरतं, दिवसापुरतं, की कायम, असं फोननं विचारलं. दुसऱ्यांना मुदत घालून देण्यात तिची उभी नोकरी गेली होती, पण इथं बोट जरा अडखळलं. मग तिनं 'कायम' दाबलं.

नकाशावर ती उगवली. कोर्टामागच्या पार्किंगमध्ये, एक ठिपका. पहिल्यांदा अंगावर काटाच आला, उघड्यावर कपडे बदलताना यावा तसा. इलाच्या फोनवर आता सूचना गेली असेल. आई दिसू लागली आहे, असं काहीतरी. खिचडीच्या ताटलीशेजारी फोन थरथरला असेल. आणि आई हलायला लागली की तेही दिसेल. कुठल्या रस्त्यानं, किती हळू, किती जवळ आली. बूट घालायला वेळ आहे, पोरी. बॅग भरायला आहे. बापाला 'मी निघते' म्हणायला आहे. मी येतेय, आणि सांगून येतेय. राहायचं असलं तर राहा.

फोन तिनं शेजारच्या सीटवर पालथा ठेवला. पुढं बर्फ ढकलणारी गाडी चालली होती. तिला मागे टाकायची संधी दोनदा आली, देवयानीनं घेतली नाही. एरवी ती आडवाटेनं सुटते. आज मोठ्या रस्त्यानं, बैलगाडीच्या चालीनं.

रेल्वेच्या फाटकापाशी लाल दिवे लागले आणि दांडा खाली आला. शिकागोकडे जाणारी गाडी यायची होती. देवयानी थांबली, म्हणजे तिचा ठिपकाही थांबला असणार, आणि तिला एकदम वाटलं, इला बघत असेल तर म्हणेल, ही मध्येच का थांबली? परत फिरते की काय?

"फाटक पडलंय गं," ती मोठ्यानं म्हणाली. "येतेच."

फोन उलटून बघावासा वाटला. ठिपका तिथं असेल, नसेल, विमानतळाच्या रस्त्याला लागलेला असेल. हात सीटपर्यंत गेला आणि परत आला. आता बघायची पाळी इलाची होती. देवयानीनं आरसा खाली ओढला आणि टोपीखालून सुटलेले पिकले केस सारखे केले, एका बाजूचे, मग दुसऱ्या बाजूचेही. गाडी अजून आली नव्हती.