बोटभर हवा

त्यानं इंजिन बंद केलं तेव्हा त्याची बायको गॅरेजच्या दारात उभी होती. तापलेलं लोखंड निवताना टिक् टिक् करत होतं. त्या आवाजात शांतता मोजली जात होती. झरोक्यातून उतरलेलं दुपारचं ऊन बुटक्या लाल गाडीच्या पाठीवर पेंगत पडलं होतं आणि त्यात धुळीचे कण पाण्याखाली असल्यासारखे तरंगत होते.

तिची बॅग गॅरेजच्या उंबऱ्यापाशी तयार होती. चार वाजता टॅक्सी येणार होती, धाकट्या बहिणीकडे जायला. हे ठाऊक होतं, म्हणूनच जेवण होताच तो गाडी अर्धा तास रस्त्यावर पळवून, पुरती तापवून आला होता.

"हात लाव," तो शेवटी म्हणाला.

"कशाला?"

"लाव तर खरं."

तिनं हात पाठीमागे बांधले.

गाडी त्यानं घरीच जोडली होती. जन्मभर दुसऱ्यांची घड्याळं उघडून मिटणाऱ्या त्या माणसानं निवृत्तीनंतर खोकी मागवायला सुरुवात केली. एका खोक्यात चाकं, एकात नुसते नटबोल्ट. चार वर्षांत त्या खोक्यांची गाडी झाली. तिचे सायलेन्सर मागे नव्हते. धुराच्या दोन चकचकीत नळ्या दोन्ही दारांखालून उघड्यावर धावत होत्या. दिसायला देखण्या, पण उतरताना पाय नेमका त्यांच्यावरून जायचा.

सात वर्षांपूर्वी, पहिल्याच फेरीनंतर, उतरताना तिची उघडी पोटरी नळीला टेकली होती. चर्र झालं. कातडीचा पापुद्रा नळीवरच राहिला. तो धावत आला, खिशातलं फडकं काढलं आणि आधी नळी पुसली. गरम असतानाच पुसावी लागते, नाहीतर डाग कायमचा बसतो, असं वर म्हणालाही होता.

ती नर्स होती. तीस वर्षं परक्यांच्या जखमा बांधल्या, तशी तिनं आपलीही बांधली. पायरीवर बसून, एकटीनं. भांडण झालं नाही. पण त्या दिवसानंतर ती गाडीत बसली नाही, आणि त्यानंही कधी 'चुकलो' म्हटलं नाही. बहीण फोनवर खिदळायची, "ताई, भावजींनी गाडी केलीय की चूल?" तीही हसायची. हसणं ओसरलं की पोटरीवरचा तो पानाएवढा डाग नकळत चाचपायची.

"आधी काचधाग्याची पट्टी गुंडाळली," तो तिच्या बाजूच्या नळीपाशी उकिडवा बसत म्हणाला. "पाण्यात भिजवून. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा. तू बांधली होतीस तशी."

म्हणजे त्या दिवशी तो बघत होता तर.

"मग वर हा पत्रा. पण नळीला टेकवला नाही. मध्ये बोटभर जागा सोडलीय. खरं काम ती हवाच करते. पत्रा आपला नावाला."

"पहिलाही नावालाच होता."

"तो पातळ होता. स्वतःच तापायचा."

"आणि त्याच्या नंतरचा?"

"तो पत्रा नव्हताच. नुसती पट्टी होती."

"बरं. मग ते पिस्तुलासारखं यंत्र आणलंय ना? बघा त्यात, किती तापलंय ते."

"ते पत्र्याचं सांगतं," तो म्हणाला. "कातडीचं नाही सांगत."

आणि ती अडवायच्या आत तो उठला, दाराला धरून उभा राहिला, विजारीचा पाय गुडघ्यापर्यंत ओढला आणि पोटरी पत्र्यावर टेकवली. डोळे मिटून मोजू लागला. एक. दोन. घड्याळजीचं मोजणं; ना घाई, ना ढिलाई.

ती पुढे वाकली ती त्याला ओढून काढायला. पण हात हवेतच राहिला.

त्याच्या पोटरीवर चार डाग होते. तिचा होता तिथेच, त्याच उंचीवर, एकाखाली एक. जखमेचं वय तिला विचारावं लागत नसे. सगळ्यात वरचा कागदासारखा पांढरा पडला होता, म्हणजे पातळ पत्र्याचं वर्ष. खालचे दोन करडे. ते नुसत्या पट्टीचे. चौथा अजून गुलाबी होता. गेल्या थंडीत हा माणूस घरात गुडघ्यापर्यंत मोजे चढवून फिरायचा, आणि "आता काठी तेवढी आणायची राहिली," म्हणून तिनं त्याला किती चिडवलं होतं.

"दहा," तो म्हणाला आणि पाय काढला. पोटरी जशीच्या तशी होती.

तिनं सावकाश तळवा पत्र्यावर ठेवला. खिडकीतल्या उन्हात विसरलेल्या बशीइतकाच तो कोमट होता. खाली, बोटभर अंतरावर, केवढा जाळ कोंडला असेल. वर मात्र फक्त ऊब येत होती. तिनं हात उचलला तेव्हा आरशासारख्या पत्र्यावर पाच बोटं उमटली होती.

फाटकाशी हॉर्न वाजला.

सवयीनं त्याचा हात खिशाकडे गेला. फडकं अर्धं बाहेर आलं. त्यानं त्या पाच बोटांकडे पाहिलं आणि फडकं पुन्हा खिशात कोंबलं.

ती उंबऱ्यापर्यंत गेली, बॅग उचलून घेऊन आली आणि गाडीच्या सीटमागच्या पोकळीत बसवली. मग त्याच्या पायाकडे बघत, वॉर्डात विचारायची त्याच कोरड्या आवाजात म्हणाली,

"मलम तरी लावलंत का, दर वेळी?"

हॉर्न पुन्हा वाजला. त्यानं विजारीचा पाय खाली ओढला, सरळ केला, आणि टॅक्सीवाल्याला परत पाठवायला फाटकाकडे चालू लागला.