पोटात निसटलेला तुकडा

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. चंद्र-तारे पाहणारी माझी बहीण ऐटीत गच्चीवर उभी राहते. माझ्या नशिबी माणसाचा घसा आला. मी करंगळीएवढी जाड, काळी आणि लांबलचक आहे. टोकाला डोळा, डोळ्याशेजारी दिवा, आणि अंगातून आरपार गेलेली एक बारीक वाट. त्या वाटेने सुया, चिमटे, सुऱ्या ये-जा करतात. मला तोंडातून आत सोडले की माणसाच्या आतले सगळे पडद्यावर दिसू लागते.

कारखान्यात एका बाईंनी माझा डोळा बसवला, आणि मनासारखा बसला नाही म्हणून पुन्हा काढून बसवला. तेव्हा मी वैतागले होते. आता कळते, त्यांच्या त्या हट्टावरच मी इतकी वर्षे टिकले. दवाखान्यात आले तेव्हा माझे केवढे कौतुक! पण पुढे माझ्या मानेच्या तारा सैल झाल्या. मान पूर्वीसारखी पूर्ण मागे वळेना. मग एक नवी, टपोऱ्या डोळ्याची दुर्बीण आली आणि मला काचेच्या कपाटात टांगून ठेवले. समोर दिवसभर काम चाललेले असायचे आणि माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. फार वाईट वाटायचे.

मित्रांनो, धुण्याआधी आमच्यात हवा भरून आम्हाला पाण्यात बुडवतात. बुडबुडा आला की कुठेतरी चीर आहे हे कळते. कोणीतरी घाईत तेवढे टाळले, नव्या दुर्बिणीत पाणी शिरले आणि ती आंधळी होऊन दुरुस्तीला गेली. मला खाली उतरवले. खोटे कशाला बोलू, मला आनंदच झाला.

त्याच सुमारास एका बेकरीचे मालक आले. सगळे त्यांना भट्टीवाले म्हणत. भट्टीपुढे उभ्या उभ्या उकळता चहा घशाखाली ओतायची त्यांना जन्माची सवय.

“मला काय धाड भरलीय? जरा जळजळतं, एवढंच,” ते म्हणाले.

“जरा? रात्र रात्र उशीला टेकून बसतात,” त्यांची बायको डॉक्टरीणबाईंना म्हणाली. “मी ओढून आणलंय. आता तुम्ही सोडू नका.”

बाईंनी मला आत सोडले. पोटात विशेष काही नव्हते. पुष्कळ जण पोट पाहून झाले की मला सरसर बाहेर ओढतात. अन्ननलिका म्हणजे त्यांना नुसता रस्ता. आमच्या डॉक्टरीणबाई परतताना सावकाश येतात, भिंत पुसत, धूत. त्यामुळेच तो डाग दिसला. लाली अगदी पुसट, पहिल्यांदा तर मलाच खरी वाटली नाही. बाईंनी त्यावर आयोडीन फवारले. निरोगी अस्तर तपकिरी झाले आणि तो डाग मात्र फिकट पिवळाच राहिला. अशी जागा संशयाची.

तिथला कण तपासायला गेला. कॅन्सर निघाला, पण सुरुवातीचा. बाईंनी दोघांना समोर बसवले.

“वरच्या अस्तरातच असेल तर दुर्बिणीतून सोलून काढता येईल. छाती उघडावी लागणार नाही. पण तो किती खोल गेलाय, कडेला काही राहिलंय का, हे अख्खा तुकडा तपासल्यावरच कळेल.”

“आणि खोल असला तर?” बायकोने विचारले.

“मग मोठं ऑपरेशन. अन्ननलिका काढावी लागेल.”



ठरलेल्या दिवशी भूलतज्ज्ञांनी त्यांना झोपवले आणि डाव्या कुशीवर वळवले. मी आत गेले. बाईंनी डागाभोवती जळक्या ठिपक्यांचे कुंपण घातले. मग सुईने अस्तराखाली निळे पाणी सोडले. डाग फुगून वर आला, तेव्हा माझ्याही जिवात जीव आला; कारण खोल रुतलेला डाग असा सहज उचलला जात नाही. टाचणीच्या टोकाएवढ्या सुरीने बाई ठिपक्यांच्या बाहेरून कापत गेल्या, मग खालून सोलू लागल्या. त्याखालचा स्नायू कागदासारखा पातळ असतो. सुरी जरा खोल गेली की थेट छातीत भोक.

शेवटची पट्टी राहिली असताना एक रक्तवाहिनी फुटली. माझ्या डोळ्यापुढे सगळे लाल झाले.

“पाणी. ओढा. पाणी. ओढा,” बाई म्हणत राहिल्या. सिस्टरांनी चिमटा पुढे केला, वाहिनी सापडली, रक्त थांबले. शेवटची पट्टीही सुटली. आता मी तुकडा ओढून माझ्या टोकाला बसवलेल्या पारदर्शक टोपीत धरायचा आणि बाहेर यायचे, अशी आमची रीत.

मी तुकडा धरला. आणि माझी ओढच, म्हणजे आत खेचायची ताकदच, गेली.

झाले होते असे, की रक्त-पाणी ओढून ओढून भिंतीवरची बाटली गळ्यापर्यंत भरली होती. ती भरली की ओढ आपोआप बंद पडते. सगळ्यांचे डोळे पडद्यावर. बाटलीकडे कोणाचेच लक्ष नव्हते. तुकडा टोपीतून निसटला आणि अन्ननलिकेच्या एका लाटेसरशी पोटात उतरला. कॅन्सर कापून झाला होता, पण तो पूर्ण निघाला का, हे सांगणारा एकमेव साक्षीदार पोटातल्या आम्लात पडला होता.

“अरे देवा, बाटली!” सिस्टर ओरडल्या.

“बदला. पटकन,” बाई शांतपणे म्हणाल्या.

“पुन्हा खाली जायचं? जखमेवरून?” भूलतज्ज्ञांनी विचारले. “घासली तर फाटेल.”

“तुकडा नाही मिळाला तर त्यांच्या बायकोला मी काय सांगू? अंदाज?”

त्या उघड्या जखमेपाशी बाईंनी मला निरोगी बाजूला दाबून अंग चोरत नेले. मी श्वास घेत असते तर तिथे नक्की रोखला असता. पोटात पोचले. समोर काही नाही. डाव्या कुशीवर झोपलेल्या माणसाच्या पोटात, अन्ननलिकेच्या तोंडाशेजारी मागच्या बाजूला खळगा होतो, सगळे तिथे साचते. तो पाहायला मान पूर्ण मागे वळवावी लागते. माझी मान! बाईंनी माझ्या मुठीवरचे चाक फिरवले, आणखी फिरवले. तारा कुरकुरल्या. खळग्याची कड दिसली, पण तळ काही दिसेना. इतकी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती.

बाईंनी चाक सोडले. “तिला जास्त ताणायला नको. ती वळत नाही, तर आपण त्यांना वळवू. उजव्या कुशीवर घ्या.”

सगळ्यांनी मिळून भट्टीवाल्यांना हलकेच वळवले. मी जागच्या जागी थांबले. खळग्यातले पाणी डुचमळत माझ्यासमोर आले आणि त्यात तो तुकडा तरंगत होता, अख्खा. यावेळी बाईंनी ओढीवर विसंबून न राहता जाळीची पिशवी सोडली आणि त्याला आत घेतले. जखमेवरून मी पुन्हा तशीच अंग चोरत परतले. बाहेर आल्यावर सिस्टरांनी तुकडा बुचाच्या पाटीवर पसरला आणि चारी बाजूंनी टाचण्या लावल्या, म्हणजे तो आक्रसत नाही आणि कडा वाचता येतात.

“निघालं ना सगळं?” बायकोने दारातच विचारले.

“निघालंय असं वाटतं. पण नुसतं वाटून चालत नाही. थांबूया.”

ते थांबणे फार जड गेले. मी कपाटात टांगलेली. दार उघडले की वाटायचे, आला अहवाल. शेवटी एका दुपारी बाई तो हातात घेऊन उभ्यानेच वाचू लागल्या. वाचून झाल्यावर खुर्चीत बसल्या आणि दोघांना आत बोलावले.

“कडा स्वच्छ आहेत. वरच्या अस्तरातच होता. ऑपरेशन नाही. तपासणीला मात्र येत राहायचं.”

भट्टीवाल्यांनी काहीतरी विनोद करायला तोंड उघडले आणि त्यांना रडूच आले. बायको रडली नाही. तिने कपाटाच्या काचेतून माझ्याकडे पाहिले. “हीच का ती?” एवढेच म्हणाली आणि नवऱ्याचा दंड धरून त्याला घेऊन गेली.

मित्रांनो, आता नवी दुर्बीण परत आली आहे आणि माझी कामे संपली. आम्हाला धुताना घाई करू नका, आमच्यातून पाहताना तर मुळीच करू नका, हे तर सांगतेच. पण एक गोष्ट माझ्याही हातची नाही. मी घशातून पोटापर्यंत जाऊ शकते; कोणाच्या घरात जाऊन, ‘काही होत नाही मला’ म्हणणाऱ्या माणसाला हात धरून उठवू शकत नाही. ते तुम्हालाच करावे लागेल.