पाहुण्यांची किल्ली

आमचा खडी क्रशर फुकटातला. रस्ता बांधायला म्हणून मोठ्या देशाने भेट दिलेला, फाटकावर तशी पितळी पाटीच होती. धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं विचारायचं नसतं. म्हणून रस्ता गावाकडे न वळता खाणीतून थेट बंदराला गेला, तरी आम्ही गप्प राहिलो.

त्या देशाच्या माणसांना आम्ही पाहुणे म्हणायचो. तीन वर्षं झाली तरी पाहुणेच. मशीन बंद करायची पेटी ते कुलपात ठेवत, कारण बायका दम खायला मशीन थांबवतात असा त्यांना संशय. किल्ली त्यांच्या इंजिनिअरच्या गळ्यात असे.

त्या दुपारी माझ्या धाकट्या भावाची बाही पट्ट्यात अडकली, मागोमाग हात गेला. मी दगड फोडत होते. हातातला घण तसाच घेऊन इंजिनिअरच्या केबिनमध्ये धावले.

"साहेब, किल्ली द्या! माझा भाऊ अडकलाय!"

"वरून परवानगी लागते." त्याने फोन उचलला. "दोन मिनिटं."

दोन मिनिटं! मी घण त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आला आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. दुसरा घाव खांद्यावर घातला. किल्लीची दोरी हिसकली, ती मानेचं कातडं घेऊनच आली.

मशीन थांबलं तेव्हा भावाचा उजवा हात कोपरापासून गेला होता. पट्ट्यावरची खडी लाल झाली होती.

मला तुडवलं ते मात्र आपल्याच पोलिसांनी. दोन बरगड्या मोडल्या.

तिसऱ्या दिवशी फौजदाराने मला बेड्या घालून दवाखान्यात नेलं. दवाखानाही पाहुण्यांचाच. भावाच्या जखमेला नुसती पट्टी बांधली होती, वास सुटला होता. फौजदाराने पुढे केलेल्या कागदावर लिहिलं होतं की चूक भावाचीच, मशीनची नाही, आणि बहिणीने विनाकारण साहेबांवर हल्ला केला. अंगठा उठवला की लगेच ऑपरेशन. भाऊ ऐकेना, म्हणून मला आणलं होतं.

"ताई, मेलो तरी देणार नाही. तू जन्मभर आत सडशील."

"गप बस. मला अक्कल शिकवू नकोस."

तो लहानपणी रडायचा तसा रडायला लागला. मी बेडीतल्या हातांनी त्याचा उरलेला अंगठा धरला, शाईत बुडवला आणि नीट उठेपर्यंत कागदावर दाबून ठेवला.